शंका देवाविषयी, हरकत भाऊबंदांची

धर्मावरील श्रद्धा डळमळू लागलेल्या तरुणाला उपदेश करणारे दोन प्रकारचे लोक भेटतात; एक म्हणतात, वय वाढले की शंका आपोआप मावळतात, आणि दुसरे म्हणतात, शंका आली की मनुष्य मोकळा झाला. या दोहोंपैकी कोणीही माझ्या उपयोगी पडले नाहीत, कारण ज्या गोष्टीने माझ्या आयुष्याची काही चांगली वर्षे नासवली ती ईश्वराच्या अस्तित्वाविषयीची शंका नव्हे, तर त्या शंकेविषयी आमच्या तात्यांनी, म्हणजे वडिलांच्या पाठच्या भावाने, घेतलेली आस्था होय. असे तात्या बहुतेक घरांत असतात, म्हणून हे लिहिणे.

माझी शंका जगावेगळी नव्हती. श्राद्धाच्या दिवशी ब्राह्मणाच्या पोटात गेलेले अन्न पितरांना कसे पोचते, हे मला कॉलेजात असताना कळेनासे झाले आणि पुढेही कळले नाही. मला ही शंका माझी स्वतःची वाटत असे. पुढे माधवाचार्यांचा ‘सर्वदर्शनसंग्रह’ हाती आला तेव्हा चौदाव्या शतकातल्या त्या ग्रंथात, चार्वाकमताच्या प्रकरणात, ती जशीच्या तशी मांडलेली आढळली: येथे जेवू घातलेले मेलेल्याला मिळत असेल, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी बांधून कशाला द्यावयाची? आईला मी हे पूर्वीच सांगून टाकले होते. जिच्या सोवळ्यात वा उपासातिपासांत कधी खंड पडला नाही, ती आई एवढेच म्हणाली, “तुला पटत नसेल तर तुझ्या वाटची दोन फुले मी वाहीन. पण देवापुढे खोटे हात जोडू नकोस.” यावरून मी समजलो की घरचा प्रश्न मिटला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वारल्यावर दहाव्याला आम्ही माहुलीस, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर गेलो. आईच्या इच्छेखातर सर्व विधी मी केले. बोटात दर्भाचे पवित्रक घातले, गुरुजींनी सांगितले तेथे पाणी सोडले, पिंड मांडले आणि सर्वजण मागे सरून उभे राहिलो. कावळे समोरच्या झाडावर पुष्कळ होते, पण एकही खाली उतरेना. मग आपल्याकडील चालीप्रमाणे एकेकाने पुढे होऊन मयताची राहिलेली इच्छा पुरी करण्याचे आश्वासन देण्यास आरंभ केला. आईला काही कमी पडू देणार नाही, असे मीही मोठ्याने सांगितले, आणि ते अगदी मनापासून सांगितले. तरी कावळा शिवेना. तेव्हा तात्यांनी माझा दंड धरला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “अरे, घरचे नवरात्र आणि दरसालचे श्राद्ध चालवीन म्हणून कबूल कर. त्यावाचून त्यांचा जीव सुटायचा नाही.”

मी म्हणालो, “तात्या, जे करीन याची मला खात्री नाही, त्याचे वचन मी अण्णांना देणार नाही.”

ऊन चढत गेले. अखेर गुरुजींनीच चार दर्भ घेतले, त्यांना गाठ मारून दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि शांतपणे म्हणाले, “झाले. याला शास्त्राची सोय आहे.” ज्यांनी हट्ट धरावयाचा त्यांनी तो धरला नाही, हे मी पाहत होतो, पण त्याहून अधिक लक्षात राहिले ते हे की, एवढा वेळ तात्यांची दृष्टी पिंडावर नव्हती, कावळ्यांवर नव्हती, ती जमलेल्या सोयऱ्याधायऱ्यांच्या तोंडांवरून फिरत होती. परतीच्या वाटेवर त्यांनी मला बाजूस घेऊन सांगितले, “माझा तरी या सगळ्यावर कुठे विश्वास आहे? पण चार लोक होते ना तिथे!” ज्या मनुष्याने मला पित्याच्या मुक्तीच्या आड येणारा ठरवले, त्याच्या मनात श्रद्धा माझ्याहून तसूभरही अधिक नव्हती, हे त्या क्षणी मला कळले, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

पुढचा प्रकार तर कागदोपत्रीच झाला. वारसाच्या नोंदीचा फेरफार तलाठ्याकडे पडला तेव्हा तात्यांनी लेखी हरकत घेतली की, सदरहू इसमाने स्वधर्म टाकला असून तो पिंडदानास अपात्र आहे, सबब त्याचे नाव मयताच्या जमिनीस लागू नये. मामलेदार कचेरीच्या दफ्तरात हयात घालवलेल्या मला ही भाषा कोणाच्या लेखणीची हे ओळखण्यास वेळ लागला नाही. नोंद तक्रारीत गेली, हेलपाटे झाले, आणि शेवटी व्हायचे तेच होऊन ती माझ्या नावे मंजूर झाली.

म्हणून पहिला सल्ला कायद्याचा. ‘श्राद्ध करणार नाहीस तर हिस्सा मिळणार नाही’ ही धमकी निखालस खोटी समजावी. पिंड देण्याच्या अधिकाराशी वारशाची सांगड घातली ती बंगालच्या दायभागाने. आपल्याकडे चालत आलेल्या मिताक्षरेने सपिंडत्व रक्तसंबंधावरून ठरवले. धर्म सोडणाराचाही वारसाहक्क जाणार नाही असे 1850 सालच्या एकविसाव्या कायद्याने ठरलेच होते, आणि 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याखाली तर शंकेखोर मनुष्यही हिंदूच असतो. हरकत आल्यास रागाने तोंडी उत्तर देऊ नये. मृत्यूचा दाखला आणि वारसांचा तपशील जोडून लेखी म्हणणे द्यावे व पोच घ्यावी.

दुसरा सल्ला असा की, काय करावयाचे व काय नाही हे घरात मृत्यू येण्यापूर्वी ठरवावे, आणि ते ज्याच्याशी आपला खरा संबंध आहे त्याच्याशीच बोलून ठरवावे. घाटावर, पंगतीत किंवा लग्नाच्या मांडवात आपल्या मतांची वाच्यता करू नये. तेथे श्रोते असतात, आणि श्रोते असले की तात्यांना चेव येतो. स्वतःच्या मागे काय व्हावे हेही लिहून ठेवावे. ज्या आगरकरांची जिवंतपणी पुण्यात प्रेतयात्रा निघाली, त्यांनी आपल्या अंत्यविधीच्या खर्चाची पुडी उशाशी बांधून ठेवली होती, असे सांगतात. ही दूरदृष्टी आपणासही असावी.

तिसरे, आपल्याच परंपरेचे वाचन करावे. पूर्वमीमांसेसारखे कर्मकांडाचे दर्शन जगत्कर्त्या ईश्वरावाचून उभे राहते, हे ठाऊक असलेल्या मनुष्यास ‘नास्तिक’ या शिवीचा धसका उरत नाही. महामहोपाध्याय काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा 1953 सालचा चौथा खंड पाहावा. त्यात अंत्येष्टी, अशौच व श्राद्ध यांविषयी निरनिराळ्या स्मृतींची निरनिराळी मते वाचल्यावर, ‘शास्त्रात असेच आहे’ म्हणणाऱ्याला ‘कोणत्या?’ एवढेच विचारावे. तात्यांना मी ते विचारले होते; उत्तर यावयाचे आहे.

बाकी नेहमीचे सांगणे आहेच: चित्त शांत ठेवावे, वडीलधाऱ्यांचा उपमर्द करू नये, दुसऱ्याच्या देव्हाऱ्याची थट्टा करू नये. यातले दुसरे मला नेहमी साधले असे म्हणवत नाही, पण समोरची माणसेही पाहावी लागतात. शंका आली म्हणून कीर्तन ऐकणे सोडू नये. मला अभंग अजूनही आवडतो आणि त्याचा जबाब मी कोणास देणे लागत नाही. आणि बोलायचेच झाले तर ज्याची श्रद्धा खरी आहे अशाशी बोलावे. आईला माझ्या शंकेची भीती कधी वाटली नाही, कारण तिची श्रद्धा तिच्यापाशी होती. भीती त्यालाच वाटते ज्याच्याजवळ लौकिकावाचून राखण्यासारखे काही उरलेले नसते.

आता तात्याही गेले. त्यांचे चिरंजीव मुंबईस असतात. तिथीला गुरुजींच्या नावे मनीऑर्डर येते आणि श्राद्ध परस्पर उरकते. मला त्यात वावगे काहीच दिसत नाही. फक्त त्या चिरंजीवांच्या वारसाच्या नोंदीला कोणी हरकत घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही, एवढे नमूद करून ठेवतो.