ठिबकतं तिथं गळत नसतं

बाळा, जुनी सुमो दारात आली आणि ड्रायव्हर म्हणाला, ‘क्लच गेला,’ की लगेच गिअरबॉक्स उतरवायला घेऊ नकोस. आधी त्याला विचार, नेमकं होतंय काय. इंजिन रेस होतंय पण गाडी ओढत नाही, असं असेल तर संशय प्लेटवर. पण पेडल पोकळ जातंय, गिअर अडकतोय, रिव्हर्स टाकताना खरखर होतेय, असं म्हणाला तर क्लच सुटत नाहीये. तिथं आधी तेलाचा मार्ग तपासायचा.

कुंभार्ली घाटात वडाप करणारा एक ड्रायव्हर माझ्याकडे आला होता. दुसऱ्या एका गॅरेजात त्यानं प्लेट आणि प्रेशर प्लेट नवी टाकून घेतली होती. दोन दिवसांत तीच तक्रार पुन्हा सुरू. मी खाली वाकून क्लचच्या खालच्या सिलिंडरचा रबरी बूट बोटानं मागं सारला, तर आतून ब्रेक ऑइल हातावर ओघळलं. गेला होता तो बोटाच्या पेराएवढा वॉशर. ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण महिन्याचा हप्ता त्यानं त्या प्लेटमध्ये घातला होता. तेव्हापासून मी प्रत्येक पोराला एकच सांगत आलो: खोलण्याआधी शोध.

क्लचचं हे यंत्र साधं आहे. पायानं पेडल दाबलं की वरचा सिलिंडर, म्हणजे मास्टर, तेल, म्हणजे ब्रेक ऑइलच, ढकलतो. ते तेल पाइपातून, होजमधून खालच्या स्लेव्ह सिलिंडरला जातं आणि त्याचा पिस्टन क्लचचा फोर्क लोटतो. तेल दबत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा खाली पोचतो. हवा मात्र दबते. तेल गळून हवा शिरली की पायाचा जोर ती हवाच खाऊन टाकते.

शोधाची सुरुवात क्लचच्या तेलाच्या डबीपासून कर. पेनानं पातळीची खूण कर. ब्रेकचे लायनर झिजले की ब्रेकच्या डबीतलं तेल थोडं उतरतं. क्लचचं तसं नसतं. प्लेट झिजली म्हणून क्लचची पातळी उतरत नाही. उतरली म्हणजे गळतंच आहे, मग जमीन कोरडी का असेना. काही गाड्यांत क्लचला ब्रेकच्याच डबीतून नळी येते. तशी असेल तर गळती काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर सोडू नकोस.

मग आत बस आणि पेडलमागं हात घाल. पुशरॉड जिथं पत्र्यातून पुढं जातो, तिथं बोट फिरव. बोट ओलं झालं, पत्र्याचा रंग फुगून सुटलेला दिसला, तर मास्टरचा मागचा वॉशर गेला. ही गळती पायातल्या मॅटखाली मुरते, म्हणून बाहेरून दिसत नाही. ती जागा कोरडी असेल तर पाइपाचे जोड बघ, होज वाकवून भेगा बघ आणि शेवटी खालच्या सिलिंडरचा बूट उचल. कौलातून पाणी एकीकडं शिरतं, वाशावरून घरंगळत येतं आणि पडतं भलतीकडंच. तेलाचंही तसंच. सगळं पुसून घे, कुणाला तरी वीस-पंचवीस वेळा पेडल मारायला सांग आणि सगळ्यात वरची ओली जागा शोध. गळती तिथंच.

घंटेखाली, म्हणजे बेल हाउसिंगखाली, थेंब दिसला तरी तो क्लचचा असेलच असं नाही. इंजिनाचं मागचं सीलही तिथंच ठिबकतं, गिअरबॉक्सचंही. वाटीत पाणी घेऊन त्यात तो थेंब सोड. इंजिन ऑइल, गिअर ऑइल वर तरंगतं. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं. गिअर ऑइलला शिवाय गंधकाचा उग्र वास असतो.

आणि सगळं कोरडं असूनही पेडल बसत असेल तर? सपाट जागेवर, पुढं मोकळं बघून, इंजिन चालू ठेव, पहिला गिअर टाक आणि क्लच दाबून धर. दुसरा पाय ब्रेकवर तयार ठेव. गाडी हळूहळू पुढं सरकायला लागली, तर मास्टरच्या आतल्या वॉशरवरून तेल मागं पळतंय.

आता काम. गाडीखाली जायचं तर घोडे लावून, नुसत्या जॅकवर कधीच नाही. सिलिंडर खोललास की आतून पुसून नख फिरव. नख अडकलं म्हणजे गंजाचे खड्डे पडलेत. तिथं नवं वॉशर किट टिकत नाही, सिलिंडरच बदल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून हे खड्डे पडतात. तेल दोन वर्षांनी बदलत गेलं तर ते टळतात.

रबराला पेट्रोल, डिझेल, रॉकेल, ग्रीस लावू नकोस. रबर फुगतं आणि आठवड्यात परत गळतं. ताज्या ब्रेक ऑइलनंच धू आणि त्यातच भिजवून बसव. बकेट वॉशरचं तोंड नेहमी तेलाच्या दाबाकडं. खालचा सिलिंडर सुटा असताना कुणालाही पेडलला पाय लावू देऊ नकोस, पिस्टन उडून बाहेर येतो. एक सिलिंडर गेला तर दुसऱ्याचंही किट टाक. दोघांचं वय सारखंच असतं आणि वरचा नवा झाला की त्याचा पूर्ण दाब खालच्या जुन्या वॉशरवर येतो.

तेल डॉट ३ किंवा डॉट ४, डबीच्या झाकणावर लिहिलंय तेच. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धू. डोळ्यांना चष्मा लाव.

एअर काढताना हवा सोडायचं निपल वर राहील असा सिलिंडर बसव. निपलला पारदर्शक नळी लाव, दुसरं टोक तेलाच्या बाटलीत बुडव. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल सोडून परत आवळायचं, मगच पेडल वर घ्यायचं. क्रम चुकला की नळीतली हवा परत आत. डबी रिकामी होऊ देऊ नकोस. बुडबुडे थांबले की पुशरॉडला मिलिमीटरभर मोकळीक आहे का बघ. ती नसेल तर तेल परत डबीत येत नाही आणि तापल्यावर क्लच घसरतो.

शेवटी इंजिन चालू करून क्लच दाब, तीन सेकंद थांब आणि रिव्हर्स टाक. आवाज न होता पडला पाहिजे. पण तेवढ्यावर गाडी देऊ नकोस. रात्री खाली वर्तमानपत्र अंथर, पेडलमागं कोरडी चिंधी बांध. सकाळी कागद, चिंधी आणि डबीवरची पेनची खूण, तिन्ही बघ. ती गाडी माणसं भरून घाट उतरणार आहे. तिन्ही बरोबर असतील, तरच किल्ली दे.