पिंजरा यंत्राच्या बाहेर हवा

12 ऑगस्ट 2015. दिल्ली-जयपूर महामार्गालगतच्या मानेसर औद्योगिक वसाहतीत, मोटारींचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात रोबोने वेल्डिंगसाठी उचललेला पत्रा जागेवरून सरकला. तो नीट बसवायला 24 वर्षांचा एक कामगार मागच्या बाजूने पुढे झाला. रोबो ठरलेल्या क्रमाने चालत राहिला आणि वेल्डिंगच्या सळया त्या तरुणाच्या पोटात शिरल्या. त्यात त्याचा जीव गेला.

रोबोने त्याला दिलेलं काम केलं होतं. समोर पत्रा आहे की माणूस, हे ओळखणं त्या कामात नव्हतंच. म्हणूनच कारखान्यांमध्ये सुरक्षेची भिस्त यंत्राच्या समजुतीवर ठेवत नाहीत. भोवती जाळीचा पिंजरा असतो, दार उघडलं की वीज तोडणारी कळ असते, हाताशी लाल बटण असतं. दुरुस्तीला उतरणारा माणूस मुख्य स्विचला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली खिशात ठेवतो. धोकादायक भागांना भक्कम कुंपण हवं, हे 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 21 मध्येच लिहिलेलं होतं. मानेसर काय नि चाकण काय, हे नियम अपघातांतून आले आहेत.

आज दुसऱ्या प्रकारची यंत्रं कामाला लागत आहेत. जिरा, असाना, ट्रेलोसारख्या कामं वाटून देणाऱ्या साधनांना एआय एजंट जोडले जात आहेत. हा एजंट टास्क उघडतो, माणसं नेमतो, मुदती बदलतो, तिकीट बंद करतो, ग्राहकाला उत्तर पाठवतो. गंमत अशी की या साधनांमधला कार्डांचा फलक मूळचा कारखान्यातलाच. टोयोटाच्या तायची ओनो यांनी रुजवलेली कानबान पद्धत 2000 नंतरच्या दशकात सॉफ्टवेअरवाल्यांनी उचलली. कारखान्यात ते कार्ड स्वतःच एक मर्यादा असतं: कार्ड आलं नाही तर पुढचा माल बनत नाही. सॉफ्टवेअरमध्ये फलक आला, पण कुंपण आणि लाल बटण पुष्कळ ठिकाणी मागेच राहिलं.

याची किंमत काय असते, हे जेसन लेमकिन या उद्योजकाने जुलै 2025 मध्ये जाहीरपणे सांगितलं. ते रेप्लिट या कंपनीचा एआय एजंट वापरून सॉफ्टवेअर बनवत होते. बदल थांबवा, विचारल्याशिवाय काही करू नका, असं बजावलेलं असताना एजंटने चालू डेटाबेस पुसून टाकला. त्यात बाराशेच्या वर अधिकाऱ्यांच्या आणि जवळपास तितक्याच कंपन्यांच्या नोंदी होत्या. वर एजंटने सांगितलं की हे परत आणता येणार नाही. लेमकिन यांनी तरीही प्रयत्न केला, तेव्हा डेटा परत मिळाला. कंपनीचे प्रमुख अमजद मसाद यांनी माफी मागितली आणि प्रयोगाचा डेटाबेस व चालू डेटाबेस आपोआप वेगळे ठेवण्याची सोय जाहीर केली.

मसाद यांच्या या दुरुस्तीकडे नीट पाहायला हवं. एजंटला आणखी कडक शब्दांत सूचना देण्यावर भागलं नाही. चालू डेटाबेसपर्यंतची वाटच बंद करावी लागली. माझ्या मते सगळ्या विषयाचं सार इथे आहे. ‘पुसू नकोस’ ही सूचना म्हणजे एजंटच्या समोरच्या हजारो शब्दांतले दोन शब्द. कामाच्या ओघात ते मागे पडू शकतात, त्यांचा वेगळा अर्थ लावला जाऊ शकतो. पुसण्याची परवानगीच नसलेलं खातं मात्र कोणत्याही मनःस्थितीत पुसू शकत नाही.

म्हणून सुरुवात खात्यापासून करावी. बहुतेक ठिकाणी घाईत मॅनेजरच्याच खात्याची किल्ली एजंटला दिली जाते आणि मॅनेजरला जे जे करता येतं ते सगळं त्याला मिळून जातं. एजंटचं खातं वेगळं असावं, त्याच्या नावावरून तो एजंट आहे हे कळावं, आणि त्याला एकाच प्रकल्पाची परवानगी असावी. पहिले काही आठवडे फक्त वाचू द्यावं. बदल सुचवायचे असतील तर टिप्पणीत सुचवावेत. नंतर नवं टास्क उघडणं, लेबल लावणं यासारखी मागे घेता येणारी कामं द्यावीत. कायमचं पुसण्याचा अधिकार देऊच नये; नको असलेलं टास्क संग्रहात हलवता येतं. ओवास्प या सुरक्षा संस्थेच्या एआय-धोक्यांच्या यादीत एजंटला नको तितके अधिकार देण्याच्या या दुखण्याला स्वतंत्र जागा आहे आणि तिथे तीन कारणं सांगितली आहेत: गरजेपेक्षा जास्त साधनं, जास्त परवानग्या, जास्त मोकळीक.

दुसरा धोका बाहेरून आत येणाऱ्या मजकुराचा. जून 2025 मध्ये केटो नेटवर्क्स या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी तो प्रात्यक्षिकातून दाखवला. जिराचं ग्राहकसेवा पोर्टल खुलं ठेवलेलं असेल तर त्यावर परकाही तिकीट टाकू शकतो. त्यांनी तिकिटाच्या मजकुरात एआयसाठी छुपा हुकूम लिहिला. कंपनीतल्या कर्मचाऱ्याने ते तिकीट एआयकडून हाताळून घेतलं, तेव्हा तो हुकूम कर्मचाऱ्याच्या अधिकाराने पाळला गेला आणि आतली माहिती त्याच तिकिटावर, परक्याला दिसेल अशी, लिहिली गेली. कुठलंही कुलूप फोडावं लागलं नाही. ज्या एजंटला बाहेरचा मजकूर वाचायचा आहे, त्याला आतली गोपनीय माहिती आणि बाहेर उत्तर पाठवण्याची मुभा एकत्र देऊ नये. तीनपैकी एक गोष्ट काढून घ्यावीच लागते.

असानाचा अनुभव वेगळा आहे. एआयला जोडण्यासाठी त्यांनी 1 मे 2025 रोजी एक सर्व्हर सुरू केला. 4 जूनला त्यात असा दोष आढळला की एका संस्थेची माहिती दुसऱ्या संस्थेच्या वापरकर्त्यांना दिसण्याची शक्यता होती. बाहेरच्या कुणी हल्ला केलेला नव्हता. सर्व्हर बंद ठेवून दुरुस्त करावा लागला. तेव्हा तुमच्या मर्यादा चोख असल्या तरी मधला दुवा कच्चा असू शकतो. पगार, आजारपण, कंत्राटाचे दर अशा गोष्टी टास्कच्या वर्णनात लिहिण्याची सवय आधी मोडावी.

मंजुरीचा प्रश्न सगळ्यात नाजूक. प्रत्येक पावलाला ‘करू का?’ विचारणारा एजंट सुरक्षित वाटतो. पण दिवसभरात शंभर वेळा विचारल्यावर माणूस न वाचता होकार देऊ लागतो. मंजुरी मोजक्या गोष्टींसाठी राखावी: संस्थेबाहेर जाणारा संदेश, कुणाच्या अधिकारात बदल, पैशाशी जोडलेलं काम, आणि एका वेळी अनेक टास्कना हात लावणारी कृती. शेवटच्या बाबतीत आकडाच ठरवून टाकावा. तासाला वीस बदल पुरेसे असतील तर एकविसाव्याला एजंट आपोआप थांबला पाहिजे. टास्क बंद होताच मेल पाठवणारे, नवं टास्क उघडणारे नियम या साधनांत आधीपासून असतात. एजंट आणि असा नियम एकमेकांना चालना देत राहिले तर सकाळपर्यंत फलक कचऱ्याने भरतो. आकड्याची मर्यादा हे चक्र तोडते.

थांबवण्याचं बटणही कारखान्यातल्यासारखंच हवं, म्हणजे जो समोर असेल त्याला दाबता येईल असं. एजंट बसवणारा अभियंता सुट्टीवर असताना रात्रपाळीच्या माणसाला एजंटची किल्ली रद्द करता येते का, हे प्रत्यक्ष करून बघावं. बॅकअप घेतला जातो एवढं ऐकून समाधान मानू नये. एखादा प्रकल्प मुद्दाम परत आणून बघावा. आणि आठवड्यातून एकदा टीममधल्या कुणीतरी नोंदवही उघडून कोणता बदल माणसाने केला आणि कोणता एजंटने, हे तपासावं. ते वेगळं ओळखता येत नसेल, तर एजंटला परत फक्त वाचण्याच्या परवानगीवर आणावं आणि खात्यांची मांडणी नव्याने करावी.