तलावाची पाळ आणि वळणाऱ्या लहरी

तिरोडा तालुक्यातलं आमचं चोरखमारा नागझिऱ्याच्या जंगलाला लागून आहे. घरात रेंज नसली की आम्ही तलावाच्या पाळीवर जातो. बारावीच्या निकालादिवशी तिथे दहा-बारा जण जमलो. मोबाईलवर दांड्या दिसत होत्या, पण पान कोणाचंच उघडेना, कारण टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जात होती. तेव्हापासून प्रश्न पडला : एकच अँटेना, एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेकांशी वेगवेगळं कशी बोलेल?

उत्तर पाळीवरच आहे. सहा जण ओळीने उभे राहून एकदम दगड टाका, लाट सरळ जाते. डावीकडून सुरुवात करून एकेक क्षण उशिराने टाका, लाट उजवीकडे वळते. या उशिरालाच आपण फेज म्हणतो.

फेज्ड ॲरेमध्ये प्रत्येक घटकाला वेगळा फेज शिफ्टर लागतो, त्यामुळे खर्च आणि वीज दोन्ही वाढतात. मेटासरफेस अँटेनात एका पट्टीवर तांब्याचे बारीक तुकडे असतात. पट्टीखालून एकच लहर जाते आणि प्रत्येक तुकडा तिच्यातलं थोडं बाहेर सोडतो. तुकड्याला जोडलेल्या व्हॅरॅक्टर डायोडचं व्होल्टेज बदललं की कपॅसिटन्स बदलतो, रेझोनन्स सरकतो आणि फेज बदलते. पृष्ठभागावर फेजची चढण दिली की लहर वळते, हे २०११ मध्ये हार्वर्डच्या फेडेरिको कपासो यांच्या गटाने अवरक्त प्रकाशावर दाखवलं होतं.

आता गणित करू. ३.५ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण ८.६ सेंमी. तुकडे २ सेंमी अंतरावर असतील आणि बीम ३० अंश वळवायचा असेल, तर शेजारच्या दोन तुकड्यांत फेजचा फरक हवा : ३६० × २ × ०.५ ÷ ८.६, म्हणजे सुमारे ४२ अंश.

अनेकांसाठी अशा अनेक पट्ट्या शेजारी ठेवतात आणि प्रत्येक पट्टीला एक आरएफ चेन देतात. माझा सिग्नल सगळ्या पट्ट्यांतून अशा प्रमाणात सोडायचा, की माझ्या मोबाईलपाशी लहरींची बेरीज व्हावी आणि शेजाऱ्यापाशी वजाबाकी. मात्र जितक्या चेन, त्याहून जास्त जणांना एका वेळी वेगळं करता येत नाही.

फुकट काहीच मिळत नाही. इथे फेज बदलली की लहरीची ताकदही बदलते आणि एका तुकड्याची फेज जास्तीत जास्त १८० अंशांतच फिरते. शिवाय झाडी सिग्नल शोषते ती शोषतेच. तरी घटक स्वस्त झाले, तर छोट्या गावाच्या टॉवरलाही अशी अँटेना परवडू शकेल. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधताय ना? मग एक पट्टी आणि चार डायोडपासून सुरुवात करा!