बौद्धिक संपदेची वकिली : नाशिक जिल्ह्यातील कार्यक्षेत्र

येवल्याची पैठणी, नाशिकची द्राक्षे आणि लासलगावचा कांदा या नावांना भौगोलिक मानांकनामुळे कायद्याचे संरक्षण लाभले आहे. तथापि नोंदणीचे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे विणकराचे अथवा बागायतदाराचे काम भागले, असे होत नाही. यंत्रमागावरील वस्त्र जेव्हा अस्सल पैठणी म्हणून विकले जाते, तेव्हा हातमागावर राबणाऱ्या कारागिराच्या श्रमाचे मोल बुडते. अशा वेळी त्याची बाजू मांडणारा तज्ज्ञ वकील आवश्यक ठरतो.

भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये संमत होऊन सप्टेंबर २००३ पासून अंमलात आला. त्याचे नोंदणी कार्यालय चेन्नई येथे आहे. मानांकन उत्पादकांच्या संघटनेच्या वा संस्थेच्या नावे दिले जाते. प्रत्येक उत्पादकाने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. हा हक्क विकता अथवा गहाण ठेवता येत नाही. नोंदणीची मुदत १० वर्षे असून पुढे नूतनीकरण करता येते. उल्लंघनाचा दावा जिल्हा न्यायालयाहून कनिष्ठ न्यायालयात चालत नाही. म्हणजेच योग्य प्रकरणी येवल्याच्या विणकरास नाशिक येथेच दाद मागता येते. अर्ज, नूतनीकरण व दावा या तिन्ही टप्प्यांवर वकिलाचे साहाय्य मोलाचे असते.

या व्यवसायात वक्तृत्वापेक्षा पुराव्याला अधिक महत्त्व आहे. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगाबद्दल अमेरिकेत १९९५ मध्ये एकस्व, म्हणजे पेटंट, देण्यात आले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. हे ज्ञान पूर्वापार असल्याचे लेखी दाखले सादर झाल्यावर १९९७ मध्ये ते रद्द झाले. घराघरांतील माहितीही कागदावर असल्यावाचून न्यायासनापुढे टिकत नाही, हा त्यातील धडा होय.

बारावीनंतर ५ वर्षांचा किंवा पदवीनंतर ३ वर्षांचा विधी अभ्यासक्रम पूर्ण करता येतो. राज्यातील विधी महाविद्यालयांतील प्रवेशासाठी सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे नोंदणी करून अखिल भारतीय वकील परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. एकस्व अभिकर्ता होण्यासाठी मात्र विज्ञान, अभियांत्रिकी वा तंत्रज्ञानाची पदवी आणि स्वतंत्र परीक्षा आवश्यक आहे. त्यासाठी विधी पदवीची अट नाही. कला व वाणिज्य शाखेच्या पदवीधरांनी निराश होण्याचे कारण नाही. विधी पदवी घेतल्यावर व्यापारचिन्हे, प्रताधिकार व भौगोलिक मानांकन ही क्षेत्रे त्यांना खुली आहेत.

द्राक्ष बागायतदारांच्या दृष्टीने वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ हाही महत्त्वाचा आहे. वेलवर्गीय व वृक्षवर्गीय वाणांना त्यान्वये १८ वर्षांपर्यंत संरक्षण मिळते. नव्या वाणाच्या लागवडीचा करार करताना कोणत्या अटींवर सही होत आहे, हे बागायतदारास त्याच्या भाषेत समजावून सांगणे हेही वकिलाचेच काम आहे.

मुंबईत एकस्व कार्यालय व व्यापारचिन्ह नोंदणीचे मुख्यालय असल्याने अनेक तरुण तिकडे वळतात. परंतु माग आणि मळा ज्यांनी जवळून पाहिला आहे, अशा नाशिकच्या विद्यार्थ्यांनी आपल्याच जिल्ह्यात हे कार्य हाती घेतल्यास उत्पादकांचे हक्क कागदावरून प्रत्यक्षात उतरतील.