पळताना गार, थांबली की गरम

प्रश्न : माझी हॅचबॅक 2009 सालची. हायवेला एसी बरा चालतो, पण भर उन्हात सिग्नलला थांबलं की गरम हवा सुरू. दर उन्हाळ्यात गॅस भरून घेतो. दोष कुठे असेल?
– एक वाचक, अकोला

उत्तर : निम्मं उत्तर तुम्हीच दिलंय. गाडी पळताना एसी चालतो, म्हणजे गॅसच्या आधी कंडेन्सरवरून जाणाऱ्या हवेवर संशय घ्या. रेडिएटरच्या पुढे असलेला हा कंडेन्सर केबिनमधली उष्णता बाहेर टाकतो. बाहेर 45 अंश असताना आतला गॅस साठच्या आसपास तापतो, तेव्हाच ती उष्णता हवेत जाते. त्या वेळी नळ्यांमधला दाब टायरमधल्या हवेच्या सात-आठ पट असतो! धावत्या गाडीला वारा मिळतो. उभ्या गाडीची सगळी भिस्त पंख्यावर.

बॉनेट उघडून कुणाला तरी एसी लावायला सांगा. पंखा फिरतोय एवढ्यावर समाधान मानू नका. मोटरचे कार्बन झिजले की तो फिरताना दिसतो, पण हवा ओढत नाही. मग पंखा आणि वायरिंग सांभाळून कंडेन्सरवर साध्या पाइपने पाणी सोडा. दोन-तीन मिनिटांत आत गारवा आला, तर चोर सापडलाच.

कंडेन्सर आणि रेडिएटरमधल्या फटीत धूळ, किडे आणि तुमच्याकडे कापसाचे तंतूही अडकतात. समोरून सगळं स्वच्छ दिसतं, म्हणून वॉशिंग सेंटरवाले तिथे हातच घालत नाहीत. इंजिन गार झाल्यावर हलक्या धारेने, जमल्यास मागच्या बाजूने धुवा. प्रेशर वॉशरने पत्र्याच्या नाजूक पात्या वाकतात.

आता गॅस. तो पेट्रोलसारखा जळत नाही. दरवर्षी कमी पडतोय म्हणजे गळती आहे, ती आधी शोधून घ्या. नंतर व्हॅक्यूम करून, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस भरा. ‘उन्हाळा आहे, थोडा जास्तच टाकतो’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला हात जोडा! जादा गॅसने दाब वाढतो, गारवा घटतो आणि कॉम्प्रेसर उगाच रगडला जातो.

उन्हात तापलेली गाडी काढताना पहिली दोन मिनिटं काचा खाली ठेवा, मग आतलीच हवा फिरवणारं बटण लावा. केबिन फिल्टर असेल तर तोही बदला. एवढं करूनही फरक पडला नाही, तर हीटरचा वॉल्व्ह नीट बंद होतो का ते तपासायला सांगा. जुन्या गाड्यांत तिथून इंजिनाचं गरम पाणी गुपचूप आत फिरत राहतं.