वृद्धांचे कुलमुखत्यारपत्र : बळ आणि मर्यादा

बेलापूरच्या खाडीकाठी वसलेले दिवाळे हे कोळ्यांचे जुने गाव. 1970 साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील अनेक गावांच्या जमिनी संपादन करण्यात आल्या. पुढे साडेबारा टक्के योजनेखाली प्रकल्पग्रस्तांना विकसित भूखंड देण्यात आले. अशा कुटुंबांतून घर, भूखंड वा बँकेतील ठेव पुष्कळदा वडीलधाऱ्यांच्या नावे असते. वयोमानाने कचेऱ्यांच्या खेपा झेपेनाशा झाल्या, म्हणजे मुलाला किंवा सुनेला कुलमुखत्यारपत्र करून देणे सोयीचे ठरते.

मुखत्यारपत्रासंबंधी 1882 चा अधिनियम आजही लागू आहे. पत्रात नमूद केलेली कामे मुखत्याराने मालकाच्या वतीने करावयाची असतात. त्यामुळे तो मालक होत नाही. केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे स्थावर मिळकतीची मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केले. आजारपणामुळे नोंदणी कचेरीत जाणे अशक्य असल्यास निबंधकास घरी येऊन खात्री करून घेण्याची तरतूद 1908 च्या नोंदणी अधिनियमात आहे.

तथापि, एक मर्यादा फार महत्त्वाची आहे. 1872 च्या करार अधिनियमातील कलम 201 नुसार, पत्र करून देणारी व्यक्ती मरण पावल्यास अथवा तिचे मन विकल झाल्यास मुखत्याराचा अधिकार सामान्यतः संपुष्टात येतो. समजा, एखाद्या वृद्धास स्मृतिभ्रंश जडला व मुलांनाही तो ओळखेनासा झाला. तर ज्या घडीला पत्राची खरी निकड भासते, त्याच घडीला ते निरुपयोगी ठरते. मानसिक असमर्थतेनंतरही टिकणारे मुखत्यारपत्र काही देशांत करता येते. आपल्याकडे तशी सर्वसाधारण तरतूद नाही.

1890 चा पालक व पाल्य अधिनियमही येथे उपयोगी पडत नाही. तो अज्ञान मुलांपुरता आहे. अशा प्रसंगी उच्च न्यायालयाकडे संविधानाच्या अनुच्छेद 226 अन्वये दाद मागता येते. 2020 साली मुंबई उच्च न्यायालयाने बेशुद्धावस्थेतील पतीच्या पालकपदी पत्नीची नेमणूक केली होती. मात्र हा मार्ग वेळेचा व खर्चाचा आहे.

म्हणून शुद्ध व सावध असतानाच व्यवस्था करणे इष्ट होय. मुखत्यारपत्रात कामे नेमकी लिहावीत, मुखत्याराकडून हिशेब घ्यावा व विश्वास उडाल्यास पत्र लेखी रद्द करून संबंधित कचेऱ्यांना कळवावे. बँकेत संयुक्त खाते व नामनिर्देशन करावे. मृत्युपत्रही याच काळात करून ठेवावे.

सांभाळाच्या अटीवर मिळकत बक्षीस दिली आणि पुढे सांभाळ झाला नाही, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक अधिनियमातील कलम 23 खाली ते हस्तांतरण रद्द ठरविण्याची मागणी न्यायाधिकरणाकडे करता येते. ही अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहावी. शिक्षक, नगरसेवक व पंचायत सदस्यांनी गावातील वृद्धांना अंगठा उठविण्यापूर्वी कागद मोठ्याने वाचून दाखविला, तरी पुढील पुष्कळ तंटे टळतील.