नाकतोड्याचें भय

वाटूरच्या शिवारांत पावसाळा सरत आला, म्हणजे सोयाबीन व ज्वारीच्या शेतांतून, बांधावरील गवतांतून नाकतोडे उडूं लागतात. एखादा घरांत येऊन भिंतीवर बसला, कीं लहान मुलें नाक झांकून पळतात. आणि खरें सांगावयाचें, तर कांहीं मोठीं माणसेंहि पळतात. या भयाचें मूळ किड्याच्या अंगीं नसून त्याच्या नांवांत आहे. ‘नाकतोडा’ म्हणजे नाक तोडणारा, अशी समजूत सहजच होते. आणि ‘गप्प बैस, नाहीं तर नाकतोडा येईल’ असें म्हणून आपण वडील मंडळी ती पक्की करतों.

प्रथम हा प्राणी आहे तरी कसा, तें पाहूं. त्यास सहा पाय असून मागच्या दोन लांब, बळकट पायांच्या जोरावर तो उडी घेतो. दोन मोठे संयुक्त डोळे व तीन साधे, मिळून त्याचे डोळे पांच. कान डोक्यावर नसून पोटाच्या पहिल्या वलयावर दोहों बाजूंस असतात. मौज अशी, कीं ज्याच्या नांवांत नाक आहे, त्यास स्वतःस नाकच नाहीं! अंगाच्या बाजूंवरील बारीक छिद्रांनीं तो श्वास घेतो. वास त्यास मिशांनीं कळतो. नांगी नाहीं, विष नाहीं. घट्ट धरिल्यास तोंडांतून तपकिरी रस सोडतो, क्वचित् चिमटा घेतो, एवढेंच. पिकास तो उपद्रव देतो हें खरें. परंतु मनुष्याच्या नाकाशीं त्याचें कांहीं वैर नाहीं.

एवढें कळल्यानें भय जातें काय? नाहीं. आम्ही स्वतः कित्येक वर्षें हीच माहिती फळ्याजवळ उभे राहून सांगत असूं. आणि खिडकींतून खरा नाकतोडा आंत आला, कीं आमचा खडूचा हात थरथरे. बुद्धीस पटलेल्या गोष्टीची हातास संवय लावावी लागते.

मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषीनें १९२४ सालीं एका लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो सशास भीत असे. इतकेंच नव्हे, तर पिसें व कापूस यांसहि भीत असे. आपल्या कापसाच्या मुलुखांत याचें नवल वाटेल! तो आवडीचा खाऊ खात असतां पिंजऱ्यांतला ससा दूर ठेवीत व हळूहळू जवळ आणीत. शेवटीं मुलगा सशास कुरवाळूं लागला.

आम्हींहि हीच रीत धरिली. प्रथम दहा पावलांवरून नुसतें पाहणें; पुढें सच्छिद्र झांकणाच्या कांचेच्या बरणींत ठेवून जवळ बसणें; मग हातांतील काडीवर त्यास चढूं देणें. एका पायरीवर मन निवल्यावांचून दुसरी चढावयाची नाहीं, हा नियम. चाळिशी उलटल्यावर एके दिवशीं तो आमच्या मनगटावर बसला, क्षणभर मिशा हालविल्या, व गवतांत उडून गेला. आमचें नाक जागच्या जागीं होतें.

विद्यार्थिमित्रहो, विंचू व साप यांपासून दूर राहणें हें शहाणपणच होय. अनोळखी किड्यासहि हात लावूं नये. परंतु निरुपद्रवी जीवास भिऊन त्यास चिरडणें हें शौर्य नव्हे. पालकांस विनंती एवढीच, कीं भित्र्या मुलास हसूं नये, धीट करण्यासाठीं किडा त्याच्या अंगावर टाकूं नये. बरणी दूर ठेवावी, आणि ती किती जवळ आणावयाची तें त्यासच ठरवूं द्यावें.